बरणीतला लसूण, अडलेला आवंढा: बोट्युलिझमच्या एका रुग्णाचे प्रकरण

जुलै महिन्यातील एका मंगळवारी सकाळी, ठाण्यातील वर्तकनगर भागात राहणाऱ्या ५४ वर्षांच्या एका गृहस्थांनी नेहमीप्रमाणे चहाचा कप तोंडाला लावला आणि पहिलाच घोट नाकावाटे बाहेर आला. ठसका लागला असावा, असे त्यांना वाटले. दुसरा घोट त्यांनी सावकाश, मान खाली घालून घेतला. त्यातला थोडा घशाखाली उतरला, थोडा नाकात चढला आणि उरलेला घशातच राहिला. "अहो, हळू प्या ना, कसली घाई आहे?" असे पत्नी म्हणाल्या, तेव्हा उत्तर देताना त्यांना स्वतःचाच आवाज गेंगाणा वाटला. त्या घोटानंतर अडीच महिने त्यांना तोंडाने पोटभर खाता-पिता आले नाही.

मी वाचेच्या आणि गिळण्याच्या विकारांवर काम करते. ठाण्यातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात हे गृहस्थ दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांना प्रथम तपासले, आणि पुढे सात महिने त्यांचे गिळणे परत येताना पाहिले. विभागात सगळे त्यांना काका म्हणत, येथेही मी तेच संबोधन वापरते. ओळख पटेल असे तपशील वगळून आणि कुटुंबाच्या संमतीने बोट्युलिझमचे, म्हणजे अन्नात वाढलेल्या एका जंतूच्या विषामुळे स्नायू लुळे पडण्याच्या आजाराचे, हे प्रकरण मांडत आहे. यात निदानाचा धागा गिळण्याच्या तक्रारीतच होता, तो तेथे शोधला गेला नाही म्हणून एक मोलाचा दिवस गेला. त्यामुळे या लेखात मी त्याच तक्रारीचा, ओठांपासून जठराच्या तोंडापर्यंत, माग काढला आहे.

"घास अडकतो" म्हणजे काय

काका वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात पर्यवेक्षक आहेत. मधुमेह नाही, रक्तदाबाची एक गोळी रोज घेतात. आदल्या शनिवारी ते शहापूरजवळच्या गावी नातेवाइकांकडे गेले होते, रात्री तेथे जमिनीवर अंथरूण घालून झोपले आणि रविवारी दुपारी घरी परतले. रविवारचा दिवस पूर्ण चांगला गेला, रात्री जेवणही व्यवस्थित झाले. सोमवारी संध्याकाळी तोंडाला कोरड पडू लागली, एकदा उलटी झाली आणि मोबाइलवरची अक्षरे पुसट दिसू लागली. थकवा असेल म्हणून ते लवकर झोपले, आणि सकाळी चहाचा तो प्रसंग घडला.

मंगळवारी ते जवळच्या एका दवाखान्यात गेले. तेथे त्यांनी "घास अडकतोय" एवढेच सांगितले, कारण जास्त बोलणे जड जात होते. आम्लपित्त धरून औषध दिले गेले आणि दुपारी दुर्बिणीने तपासणीही झाली. अन्ननलिकेत अडथळा नाही, जठराच्या अस्तराला किंचित सूज आहे, असा अहवाल आला. तो अहवाल खोटा नव्हता. दुर्बीण अस्तर दाखवते, व्रण दाखवते, गाठ दाखवते. पण ज्या स्नायूंनी घास पुढे ढकलायचा त्यांच्यात ताकद उरली आहे का, हे ती सहसा दाखवत नाही. लिहून दिलेली गोळी त्या रात्री काकांना गिळता आली नाही, ती जिभेच्या मागे चिकटून विरघळत राहिली.

आपल्या बोलण्यात "घास उतरत नाही" हा एकच शब्दप्रयोग किमान तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. घास तोंडातून मागेच सरकत नाही ही एक. घास मागे गेला तरी आवंढा येत नाही, ठसका लागतो, नाकात जाते ही दुसरी. आणि गिळले तर नीट, पण छातीत येऊन थांबले ही तिसरी. रुग्ण कोठे बोट ठेवतो यावर फार विसंबता येत नाही, कारण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा अडथळासुद्धा पुष्कळदा गळ्यापाशी जाणवतो. म्हणून विचारावे लागते ते असे: आधी पातळ अडले की घट्ट? नाकातून आले का? गिळल्यावर आवाज ओला होतो का? अरुंद झालेल्या अन्ननलिकेत आधी भाकरी अडते, मग मऊ भात आणि शेवटी पाणी, आणि यात आठवडे किंवा महिने जातात. येथे एका रात्रीत पाणी आधी अडले होते आणि नाकातून परत आले होते. मऊ टाळू उचलला जात नाही तेव्हाच असे होते, आणि टाळू न उचलला जाणे हे स्नायूंचे किंवा मज्जातंतूंचे दुखणे आहे, पित्ताचे नव्हे. एवढा एक प्रश्न मंगळवारी विचारला गेला असता तर काका त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचले असते, असे मला आजही वाटते.

बुधवारची पहाट

बुधवारी पहाटे काकांना जाग आली ती डोळे उघडत नाहीत म्हणून. पापण्या बोटांनी वर केल्या तर एकाच्या दोन वस्तू दिसत. मुलीने रिक्षाने त्यांना कॅज्युअल्टीत आणले, तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते, ताप नव्हता, तारीख-वार अचूक सांगत होते, फक्त शब्द नाकातून आणि पुसट येत होते. दोन्ही पापण्या सारख्याच पडलेल्या, दोन्ही बाजूंचा चेहरा सैल, मान उशीवरून उचलता येत नव्हती, हात थोडे अशक्त, पाय मात्र जवळजवळ पूर्ववत. स्पर्श सर्वत्र कळत होता. बॅटरीचा उजेड टाकला तरी मोठ्या झालेल्या बाहुल्या जेमतेम हलत होत्या. जीभ इतकी कोरडी होती की परिचारिकेने लाकडी पट्टी ठेवताच ती जिभेला चिकटली आणि काढताना सोडवावी लागली.

बोटाला लावलेल्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ९७ टक्के दिसत होते. निवासी डॉक्टरांनी त्यावर समाधान न मानता काकांना एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. ते १४ पर्यंत पोहोचले. दुपारी बारा वाजता पुन्हा मोजायला सांगितले, तेव्हा ८ वर थांबले. श्वासाचे स्नायू थकत चालले असताना बोटावरचा आकडा शेवटपर्यंत चांगला राहू शकतो. त्याच दुपारी, परिस्थिती हातात असतानाच, श्वासनलिकेत नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर घेण्यात आले. हा निर्णय त्यांचा जीव वाचवणारा ठरला.

ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या पडल्या आणि त्याला गिळता येईना, तर पहिला विचार मण्यारीचा करावाच लागतो, आणि सहकाऱ्यांनी तो केला. मण्यारीचा दंश झोपेत कळतही नाही आणि पुष्कळदा दाताची खूणही सापडत नाही. परंतु तिच्या विषाची लक्षणे सहसा काही तासांतच दिसतात. येथे शनिवारच्या रात्रीनंतर संपूर्ण रविवार निरोगी गेला होता. शेतावरच्या फवारणीच्या औषधाचाही विचार झाला. त्या विषबाधेत तोंडातून लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात; येथे सगळे नेमके उलट होते. मायस्थेनिया या स्नायू लवकर थकण्याच्या आजारात गिळणे आणि पापण्या या दोन्हींवर परिणाम होतो, पण बाहुल्यांवर होत नाही आणि तोंड असे कोरडे पडत नाही. गिलान-बारे आजारात अशक्तपणा बहुधा पायांकडून वर चढतो, मुंग्या येतात आणि प्रतिक्षिप्त क्रिया लवकर नाहीशा होतात. मेंदूचा एमआरआय निर्दोष होता, मणक्यातील पाणीही निर्दोष होते.

कोरडी जीभ, मोठ्या बाहुल्या आणि गिळता न येणे या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की एकच अर्थ उरतो. लाळग्रंथींना, बाहुली आकसणाऱ्या स्नायूला आणि घशाच्या स्नायूंना मज्जातंतूंकडून मिळणारा निरोप एकाच रसायनातून जातो, ते म्हणजे ॲसिटिलकोलिन. ते सगळीकडे एकाच वेळी कमी पडले होते. जर्मन वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी मांस भरलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे सविस्तर वर्णन १८२० आणि १८२२ मध्ये केले, तेव्हा जंतूंमुळे आजार होतात हे अजून सिद्ध झाले नव्हते. तरी त्यांनी ही कोरड, हे गिळणे थांबणे आणि या बाहुल्या नोंदवून, विष स्नायूंकडे जाणाऱ्या आणि आपोआप चालणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या मज्जातंतूंचे वहन तोडते, असा निष्कर्ष काढला होता. रुग्णाच्या उशाशी बसून केलेले इतके अचूक निरीक्षण वाचले की मला त्या माणसाविषयी मनापासून आदर वाटतो. १८९५ मध्ये बेल्जियममधील एका गावात अंत्ययात्रेनंतर खारवलेले डुकराचे मांस खाऊन वादक मंडळी आजारी पडली, आणि त्या तपासातून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी हे विष तयार करणारा जंतू शोधला. तोच आज क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या नावाने ओळखला जातो.

फोनमधले छायाचित्र

बोट्युलिझमची शंका आल्यावर निवासी डॉक्टरांनी मुलीला विचारले, "गेल्या चार-पाच दिवसांत बाबांनी एकट्यांनी खाल्लं, बाकी कुणी खाल्लं नाही, असं काही आठवतं का?" मुलगी आधी नाही म्हणाली. थोड्या वेळाने ती परत आली आणि तिने फोन पुढे केला. कुटुंबाच्या गटावर काकांनी तीन आठवड्यांपूर्वी पाठवलेले छायाचित्र त्यात होते: ओट्यावर ठेवलेली काचेची उभी बरणी, तिच्यात गळ्यापर्यंत सोललेल्या लसणाच्या पाकळ्या आणि वर पाकळ्या पूर्ण बुडतील इतके शेंगदाण्याचे तेल. हृदयाला चांगले म्हणून एका व्हिडिओवरून त्यांनी ती भरली होती. पाकळ्या धुऊन ओलसरच घातल्या होत्या. मीठ नव्हते, लिंबू नव्हते, व्हिनेगर नव्हते. मुरण्यासाठी बरणी तीन आठवडे ओट्याखालच्या कपाटात होती आणि रविवारी रात्री काकांनी ती प्रथम उघडली. दोन चमचे तेल आणि चार-पाच पाकळ्या त्यांनी भाकरीवर कच्च्याच घेतल्या. वास-चव यात काही वावगे जाणवले नाही.

सोमवारी काकूंनी त्याच बरणीतल्या तेलाची फोडणी आमटीला दिली. ती आमटी त्यांनी आणि मुलीने खाल्ली, आणि दोघींना काहीही झाले नाही. हाच तपशील प्रथम आम्हाला गोंधळात टाकणारा आणि नंतर सगळ्यात जास्त सांगणारा ठरला. या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचात झोपलेली रूपे, उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. ते मारायला दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसचे तापमान लागते. विष मात्र उष्णतेपुढे टिकत नाही, ८५ अंशांवर पाच मिनिटांत ते निकामी होते. फोडणी आणि त्यानंतर आमटीला आलेली उकळी यांनी काकूंना आणि मुलीला वाचवले.

लसूण मातीत वाढतो आणि हे बीजाणू मातीत असतातच. त्यांना वाढायला हवा नसलेली, आंबट नसलेली, ओलसर आणि उबदार जागा लागते. तेलाखाली बुडलेल्या ओल्या लसणात ती नेमकी मिळते. कॅनडातील व्हॅन्कुव्हर येथे १९८५ मध्ये तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जण आजारी पडले होते. आपल्या घरच्या लोणच्याची गोष्ट निराळी आहे. कैरीचा आंबटपणा, लिंबाचा रस आणि आई-आजीने हात आखडता न घेता घातलेले मीठ यांच्यामुळे त्या फोडी या जंतूला राहण्याजोग्या नसतात, आंबटपणा वाढून पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा) ४.६ च्या खाली गेला की तो वाढत नाही. काकांनी बरणी लोणच्यासारखी भरली, पण लोणच्याला राखणारी गोष्टच त्यात घातली नव्हती. असे आजार परदेशातल्या डबाबंद मांसाचेच असतात, ही समजूतही बरोबर नाही. १९९६ मध्ये गुजरातमधील एका निवासी शाळेतील ३४ विद्यार्थी बेसनाच्या शेवेतून असेच आजारी पडले होते. तेथे विष 'ई' प्रकारचे होते आणि ते तयार करणारा जंतू क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम हा होता.

बरणी बुधवारी सकाळीच शेजारणीने घर आवरताना घंटागाडीत दिली होती, त्यामुळे ती तपासता आली नाही. शौचाचा नमुना बद्धकोष्ठामुळे उशिरा मिळाला आणि त्यात विष आढळले नाही, जे उशिराच्या नमुन्यात अनेकदा घडते. निदान उभे राहिले ते लक्षणांच्या क्रमावर, खाण्याच्या इतिहासावर आणि मज्जातंतूंच्या विद्युत तपासणीवर: स्नायूचा प्रतिसाद फार लहान होता, संवेदनेचे मज्जातंतू निर्दोष होते, आणि दर सेकंदाला ५० वेळा उद्दीपन दिल्यावर तो लहान प्रतिसाद वाढत गेला. घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेले प्रतिविष मिळवण्यासाठी डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून धडपड केली, पण ते वेळेत हाती आले नाही. प्रतिविष रक्तात फिरणारे विष बांधून ठेवते, मज्जातंतूच्या टोकात शिरलेले विष काढू शकत नाही. म्हणूनच त्यात एकेक तास महत्त्वाचा असतो आणि म्हणूनच तो गेलेला मंगळवार मला सलतो.

गिळण्याचे जिने

आवंढा गिळणे आपल्याला इतके सहज वाटते की त्यात तीसच्या आसपास स्नायू भाग घेतात, हे रुग्णांच्या घरच्यांना खरे वाटत नाही. जीभ घास मागे ढकलते, मऊ टाळू उचलून नाकाची वाट बंद करतो, जिभेच्या मुळाशी असलेले हायॉइड हाड आणि स्वरयंत्र वर व पुढे ओढले जातात, स्वरपट्ट्या मिटतात, घशाच्या भिंती वरून खाली आकसत येतात आणि अन्ननलिकेचे वरचे दार उघडते. घशातला हा सगळा खेळ एका सेकंदाच्या आत संपतो. पुढे साधारण २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून आकुंचनाची लाट आठ-दहा सेकंदांत खाली जाते.

तोंड आणि घशाचे सगळे स्नायू हाता-पायांच्या स्नायूंसारखेच रेषायुक्त आहेत, आणि त्यांना डोक्यातून थेट निघणारे मज्जातंतू हलवतात. हे मज्जातंतू आखूड असतात आणि त्यांचे स्नायू सतत राबत असतात. बोट्युलिझममध्ये अशक्तपणा डोळे, चेहरा आणि घसा येथून सुरू होऊन खाली उतरतो तो याच क्रमाने. विष मज्जातंतूच्या टोकात शिरते आणि ॲसिटिलकोलिनच्या पिशव्या बाहेर रित्या करण्यासाठी लागणारी प्रथिने कापते. निरोप टोकापर्यंत येतो, पण तेथून पुढे स्नायूपर्यंत जात नाही. स्नायू निरोगी असतो, मेंदू निरोगी असतो, रुग्णाला सगळे कळत असते.

अन्ननलिकेच्या वरच्या दाराविषयी, म्हणजे क्रिकोफॅरिंजियस या स्नायूविषयी, थोडे थांबून लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण येथे माझ्या विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा होतो. हा स्नायू एरवी मिटलेला असतो आणि गिळताना अर्ध्या सेकंदासाठी सैल होतो. मग विषाने तो सैलच पडला असेल तर घास उलट सोपा जायला हवा, असे कोणालाही वाटेल; शिवाय हेच विष अत्यल्प मात्रेत, बोटॉक्स म्हणून, न उघडणाऱ्या क्रिकोफॅरिंजियसमध्ये टोचले जाते आणि त्याने गिळणे सुधारते. पण दार उघडायला कडी काढणे पुरेसे नसते. हायॉइड हाड पुढे ओढले गेले की हे दार बाहेरून खेचले जाते आणि वरून येणारा घास ते रुंदावतो. काकांच्या बाबतीत कडी सैल होती, पण दार ओढणारे हनुवटीखालचे स्नायू लुळे होते आणि ढकलणारी जीभ व घसाही लुळा होता. सैल दाराचा दुसरा तोटा असा की जठरातून वर आलेले आम्ल थेट घशापर्यंत येऊ शकते, आणि घशात त्याला अडवणारे कोणी नसते.

दाराच्या खाली अन्ननलिकेचा अगदी वरचा भाग रेषायुक्त स्नायूचा, मधला मिश्र आणि खालचा अर्ध्याहून अधिक भाग गुळगुळीत स्नायूचा आहे. या खालच्या भागाला आपल्या इच्छेने हलवता येत नाही. त्याच्या भिंतीतच मज्जातंतूंचे एक जाळे आहे, ज्यात आकसायला लावणारे तंतू ॲसिटिलकोलिन सोडतात आणि सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड. विष पहिल्या प्रकाराला मुके करते आणि दुसऱ्याला हात लावत नाही. त्यामुळे लाट क्षीण होते आणि जठराच्या तोंडाशी असलेल्या खालच्या दाराचा ताण कमी होतो, अगदी नाहीसा होत नाही, कारण त्या स्नायूला स्वतःचाही थोडा ताण असतो. अकॅलेशिया या आजारात याच्या उलट सैल करणारे तंतू नष्ट होतात आणि दार घट्ट मिटून राहते. तेथे बोटॉक्स टोचून ते सैल केले जाते व काही महिन्यांनी परिणाम ओसरतो. एका आजारात जे औषध म्हणून मोजून दिले जाते, तेच काकांच्या सर्वांगात न मोजता पोहोचले होते.

परतीची वाट

पहिले दोन आठवडे माझ्याकडे करण्यासारखे व्यायाम नव्हते, आणि ते करून घ्यावेत असे मला वाटलेही नाही. निरोपच पोहोचत नसेल तेथे स्नायूला कामाला लावून फक्त रुग्ण थकतो. या दिवसांत खरे काम होते तोंड स्वच्छ आणि ओले ठेवण्याचे. लाळ कमी होती, पण जी होती ती चिकट होऊन घशात साठत होती आणि तेथून फुप्फुसात उतरण्याचा धोका होता. परिचारिका दर दोन-तीन तासांनी ओल्या गॉजने जीभ आणि गाल पुसून घेत, सक्शन करत, खाटेचे डोके उंच ठेवत. पोषण नाकातून घातलेल्या नळीने चालू होते. नवव्या दिवशी गळ्याला छेद देऊन ट्रॅकिओस्टॉमीची नळी बसवण्यात आली. आपल्याला सगळे ऐकू येते, समजते, हे काका बोटांच्या खुणांनी सांगत, म्हणून प्रत्येक कृती करण्यापूर्वी "काका, आता मी जीभ पुसते हं," असे सांगण्याचा नियम विभागाने पाळला. तो पाळला गेला याचे मोल काकांनी नंतर स्वतः सांगितले.

सतराव्या दिवशी डावी भुवई किंचित उचलली गेली. विषाने बंद झालेल्या टोकाजवळून मज्जातंतूला नवे अंकुर फुटतात, ते तात्पुरते काम उचलतात आणि कालांतराने मूळ टोक पुन्हा कामाला लागते. यात आठवडे ते महिने जातात. सव्विसाव्या दिवशी व्हेंटिलेटर सुटला. एकतिसाव्या दिवशी नाकातून लवचिक दुर्बीण घालून मी निळ्या रंगाचे पाणी चमच्याने दिले. टाळू अर्धवट उचलला गेला, पण पाणी स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत साचले आणि थोडे आत उतरले. काकांना ठसका आला. मला त्या ठसक्याचा आनंद झाला, कारण संवेदना शाबूत होती आणि खोकण्याइतका जोर परत आला होता. तोंडाने देणे मात्र त्या दिवशी पुढे ढकलले.

सत्तेचाळिसाव्या दिवशी एक्स-रेत दिसणारे बेरियम पाजून चलत् एक्स-रे घेतला. येथे एक निर्णय घ्यावा लागला, ज्याविषयी सहकाऱ्यांत मतभेद होते. ठसका लागणाऱ्या रुग्णाला दाटसर पदार्थ देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, कारण दाट पदार्थ हळू वाहतो आणि श्वासनलिकेत सहसा घुसत नाही. परंतु ढकलणारा घसाच दुबळा असेल तर दाट पदार्थ मागे उरतो, आणि उरलेला नंतर, कोणाचे लक्ष नसताना, आत सांडतो. काकांच्या पडद्यावर हेच दिसले: दाट बेरियमचा निम्म्याहून अधिक भाग घशातच राहिला, तर ताकाइतके पातळ बेरियम पाच मिलिलिटरच्या चमच्याने, हनुवटी छातीकडे झुकवून आणि दोनदा गिळून बहुतेक खाली गेले. त्यामुळे आम्ही सुरुवात गाळलेल्या ताकाने आणि नाचणीच्या पातळ पेजेने केली. काकूंनी प्रेमाने करून आणलेला तुपाचा गुरगुट्या भात मला नाइलाजाने परत पाठवावा लागला, कारण मऊ असला तरी तो चिकट असतो आणि चिकटपणा हाच आमचा शत्रू होता. हे काकूंना पडद्यावरची चित्रफीत दाखवून समजावले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरणाचे वरचे पाणी आणले. हनुवटीखालच्या स्नायूंसाठी डोके उचलण्याचा व्यायामही याच सुमारास, थकवा येण्याआधी थांबण्याच्या अटीवर, सुरू केला.

त्याच तपासणीत मी काकांना टेबलावर आडवे करून बेरियमचा प्रवास खालपर्यंत पाहण्याची विनंती केली होती. वरचा भाग ओलांडल्यावर बेरियम अन्ननलिकेच्या मधल्या-खालच्या भागात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ थांबून राहिले आणि त्यातले काही वर सरकले. टेबल उभे करताच ते आपल्या वजनाने खाली उतरले. अठ्ठावन्नाव्या दिवशी काका नाकातल्या पोषणाच्या नळीसह घरी गेले आणि चौऱ्याहत्तराव्या दिवशी नळी निघाली. आवाज स्वच्छ झाला होता, ठसका थांबला होता, घशातली गाडी रुळावर आली होती. तरी ते म्हणत, "मॅडम, घशातून जातं हो, पण इथे येऊन बसतं," आणि छातीच्या मधोमध तळहात ठेवत. आता हा तिसऱ्या अर्थाचा "घास अडकतो" होता. मॅनोमेट्रीत, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजण्याच्या तपासणीत, खालच्या भागातली लाट क्षीण आणि खालच्या दाराचा दाब कमी आढळला. तोंडाची कोरड आणि बद्धकोष्ठही याच काळात टिकून होते. बोट्युलिझममध्ये आपोआप चालणारी कामे हाता-पायांच्या ताकदीपेक्षा पुष्कळदा उशिरा सुधारतात, आणि अन्ननलिकेचा खालचा भाग याच गटातला आहे, हे ध्यानात घेतले तर नळी काढल्यावर उरलेली तक्रार मनाची म्हणून बाजूला सारली जात नाही.

उपाय साधे होते. जेवण दिवसातून सहा वेळा थोडे थोडे, ताठ बसून. जेवणानंतर दोन तास आडवे न होणे. खाटेचे डोक्याकडचे पाय विटांवर घेऊन उंच करणे. आणि दर दोन घासांनंतर पाण्याचा घोट, कारण लाळेचे काम तेव्हा पाण्यालाच करावे लागत होते. भाकरी पाचव्या महिन्यात सुरू झाली, तीही ताकात कुस्करून. सातव्या महिन्यातील बेरियमच्या तपासणीत घसा एका आवंढ्यात मोकळा झाला, आणि आडव्या स्थितीत अन्ननलिकेचा खालचा भाग बारा सेकंदांत रिकामा झाला. काका तेव्हा पूर्ण वेळ कामावर जात होते. तोंडाची कोरड थोडी शिल्लक होती आणि जेवताना पाण्याचा तांब्या ते अजून डाव्या हाताशी ठेवत होते.